अपस्मारावरील नवी औषधे आणि ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शन

अपस्मार हा मेंदूतील विद्युत्‌क्रियेत वारंवार होणाऱ्या अचानक बिघाडामुळे उद्भवणारा विकार असून मराठीत तो फेफरे, मिरगी, आकडी किंवा फिट या नावांनीही ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. १९८९ नंतरच्या काळात अपस्मारावर अनेक नवी औषधे आली. ती कोणत्या रुग्णाला, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या अटींवर द्यावीत याविषयी राष्ट्रीय पातळीवर लेखी मार्गदर्शन करणाऱ्या देशांपैकी ब्रिटन हा एक प्रमुख देश आहे. तेथे हे काम मुख्यतः 'नाइस' ही संस्था करते. औषधांच्या सुरक्षिततेविषयीचे निर्बंध 'एमएचआरए' ही नियामक संस्था घालते. प्रस्तुत लेखात २००४ पासूनच्या या मार्गदर्शनाचा आणि त्यामागील पुराव्याचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

अपस्मारावरील पहिले परिणामकारक औषध म्हणून ब्रोमाइडचा उल्लेख केला जातो. सर चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये लंडनमध्ये त्याच्या उपयोगाची माहिती दिली. त्यानंतर १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटोनचा आणि १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट व पुटनम यांनी फेनिटॉइनचा गुण दाखवून दिला. १९६० च्या दशकात कार्बामाझेपीन आणि सोडियम व्हॅल्प्रोएट यांची भर पडली. ही सर्व 'जुनी' औषधे मानली जातात. त्यांतील बहुतेक आजही वापरात आहेत व स्वस्त आहेत.

जुन्या औषधांचे दोषही सर्वपरिचित होते. फेनिटॉइन व कार्बामाझेपीन यांमुळे यकृतातील विकरे उत्तेजित होतात. त्यामुळे इतर औषधांचे, विशेषतः गर्भनिरोधक गोळ्यांचे, शरीरातील प्रमाण घटून त्यांचा परिणाम कमी होतो. शिवाय गुंगी, तोल जाणे, हिरड्या वाढणे, वजन वाढणे असे त्रास अनेक रुग्णांना सोसावे लागत. व्हिगाबॅट्रिन (१९८९), लॅमोट्रिजीन (१९९१), गॅबापेंटिन (१९९३), टोपिरामेट (१९९५) आणि लेव्हेटिरासिटाम (२०००) ही औषधे ब्रिटनमध्ये एकामागून एक आली, तेव्हा त्यांच्याकडून मोठ्या अपेक्षा बाळगल्या गेल्या.

या अपेक्षा किती फलद्रूप झाल्या याचे सर्वांत बोलके उत्तर ग्लासगो येथील एका रुग्णालयाच्या नोंदींतून मिळते. पॅट्रिक क्वान व मार्टिन ब्रोडी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पूर्वी उपचार न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के रुग्णांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले होते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने गुण आलेले आणखी १४ टक्के होते. त्यानंतर प्रयत्नांना येणारे यश झपाट्याने घटत गेले. त्याच केंद्रातील १,७९५ रुग्णांचा तीस वर्षांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झटक्यांपासून मुक्त झालेल्यांचे प्रमाण ६३.७ टक्के होते, म्हणजे पूर्वीइतकेच. मधल्या काळात डझनभर नवी औषधे येऊनही सुमारे एक तृतीयांश रुग्णांचा अपस्मार आटोक्याबाहेरच राहिला. नव्या औषधांचा लाभ झटके थांबवण्यापेक्षा दुष्परिणाम व औषधांच्या परस्परक्रिया टाळण्यात अधिक दिसतो. म्हणूनच 'नवे औषध चांगले आहे का' या प्रश्नाला एकच उत्तर नसते. ते कोणासाठी चांगले, हे ठरवावे लागते.

नाइस आणि तिच्या शिफारशींचे स्वरूप

नाइसची स्थापना १९९९ मध्ये 'नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर क्लिनिकल एक्सलन्स' या नावाने झाली. पुढे तिचे नाव दोनदा बदलले, तरी आद्याक्षरांचे रूप तेच राहिले. तिच्या मार्गदर्शनाचे दोन प्रकार ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिला प्रकार तंत्रज्ञान मूल्यमापनाचा. यात एखाद्या औषधाचा लाभ व खर्च तपासून निर्णय दिला जातो. औषधाची शिफारस झाल्यास इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेला (एनएचएस) त्यासाठी ठरावीक मुदतीत, सामान्यतः तीन महिन्यांत, निधी उपलब्ध करून द्यावा लागतो. ही कायदेशीर जबाबदारी आहे. दुसरा प्रकार वैद्यकीय मार्गदर्शिकेचा. निदानापासून औषध थांबवण्यापर्यंतच्या सर्व टप्प्यांवर डॉक्टरांनी काय करावे याचा सल्ला तीत असतो. हा सल्ला बंधनकारक नसतो, मात्र तो डावलल्यास डॉक्टरकडून कारणाची अपेक्षा केली जाते.

मूल्यमापनात 'गुणवत्ता-समायोजित जीवनवर्ष' हे माप वापरले जाते. उपचारामुळे मिळणारे चांगल्या आरोग्याचे एक वर्ष किती पैशांना पडते, याचा तो हिशेब असतो. दीर्घकाळ २० ते ३० हजार पौंड ही या हिशेबातील स्वीकारार्ह मर्यादा राहिली. अपस्मारात हे माप लावणे अवघड जाते. महिन्याला दहा झटक्यांऐवजी पाच झटके येणे ही सुधारणा आकड्यात निम्मी दिसते. परंतु वाहन चालवण्याचा परवाना, नोकरी किंवा एकट्याने आंघोळ करण्याची मोकळीक या गोष्टी बहुधा झटके पूर्ण थांबल्यावरच परत मिळतात.

२००४ चे मूल्यमापन

मार्च २००४ मध्ये प्रौढांसाठी व एप्रिल २००४ मध्ये मुलांसाठी नाइसने नव्या औषधांचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. प्रौढांच्या यादीत गॅबापेंटिन, लॅमोट्रिजीन, लेव्हेटिरासिटाम, ऑक्सकार्बाझेपीन, टायागॅबिन, टोपिरामेट आणि व्हिगाबॅट्रिन ही सात औषधे होती. निर्णयाचा गाभा असा होता: कार्बामाझेपीन किंवा व्हॅल्प्रोएट यांसारख्या जुन्या औषधांनी गुण न आलेल्या किंवा ती औषधे योग्य नसलेल्या रुग्णांनाच नवी औषधे द्यावीत. योग्य नसण्याची कारणेही नमूद केली होती. जुने औषध रुग्णाला वर्ज्य असणे, गर्भनिरोधक गोळ्यांसारख्या अन्य औषधांशी त्याची परस्परक्रिया होणे, ते पूर्वी सोसलेले नसणे आणि रुग्ण गर्भधारणाक्षम स्त्री असणे ही ती कारणे होत.

शक्य तेथे एकाच औषधावर उपचार करावा आणि ते निरुपयोगी ठरल्यास दुसरे औषध एकट्याने देऊन पाहावे, असाही आग्रह होता. दोन औषधे एकत्र देण्याचा मार्ग त्यानंतरचा. मुलांच्या बाबतीत एक ठळक अपवाद करण्यात आला. तान्ह्या बाळांना होणाऱ्या विशिष्ट आचक्यांसाठी व्हिगाबॅट्रिन पहिल्या पसंतीचे मानले गेले. या औषधाने दृष्टीचा परीघ कायमचा आकुंचन पावू शकतो, हे १९९७ मध्ये उघडकीस आले होते आणि दीर्घकाळ औषध घेणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांशांत हा दोष आढळतो. तरीही आचके न थांबल्यास बाळाच्या बौद्धिक वाढीची होणारी हानी अधिक गंभीर ठरते, म्हणून हा धोका पत्करण्यात आला.

नव्या औषधांना दुय्यम स्थान मिळाल्याबद्दल त्या वेळी टीका झाली. मात्र उपलब्ध पुरावा खरोखरच तोकडा होता. औषध कंपन्यांच्या बहुतेक चाचण्या काही महिन्यांच्या होत्या आणि त्यांत नवे औषध आधीच्या उपचाराला जोडून निष्क्रिय गोळीशी त्याची तुलना केली जात असे. परवाना मिळवण्यास ते पुरेसे होते. पण नुकतेच निदान झालेल्या रुग्णाला जुने द्यावे की नवे, हा डॉक्टरांपुढील नेहमीचा प्रश्न त्यातून सुटत नव्हता.

सनाद चाचण्या

हा प्रश्न सोडवण्यासाठी सार्वजनिक निधीतून 'सनाद' ही चाचणी घेण्यात आली. तिचे नेतृत्व लिव्हरपूल विद्यापीठातून झाले आणि निष्कर्ष २००७ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात, म्हणजे मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या झटक्यांच्या १,७२१ रुग्णांत, कार्बामाझेपीनची तुलना चार नव्या औषधांशी करण्यात आली. औषध किती काळ उपयुक्त व सुसह्य राहते या निकषावर लॅमोट्रिजीन सरस ठरले. दुसऱ्या गटात संपूर्ण मेंदूत एकाच वेळी सुरू होणाऱ्या किंवा वर्गीकरण न झालेल्या अपस्माराचे ७१६ रुग्ण होते. त्यांच्यात व्हॅल्प्रोएट हे जुने औषधच उत्तम ठरले. लॅमोट्रिजीनचा गुण त्याच्याहून कमी होता, तर टोपिरामेट सोसणे रुग्णांना अधिक कठीण गेले.

एकाच चाचणीच्या एका अंगाने नव्याच्या बाजूने आणि दुसऱ्याने जुन्याच्या बाजूने कौल दिला. कोणत्या औषधाने सुरुवात करावी हे ठरवण्यापूर्वी अपस्माराचा प्रकार ओळखणे किती महत्त्वाचे आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

दुसरी सनाद चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. फोकल झटक्यांच्या ९९० रुग्णांत लेव्हेटिरासिटाम हे लॅमोट्रिजीनच्या तोडीचे असल्याचे सिद्ध झाले नाही. सार्वत्रिक किंवा वर्गीकरण न झालेल्या अपस्माराच्या ५२० रुग्णांत लेव्हेटिरासिटाम हे व्हॅल्प्रोएटच्या तुलनेत गुणाच्या व खर्चाच्या दोन्ही दृष्टींनी मागे पडले.

२०१२ आणि २०२२ च्या मार्गदर्शिका

जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या मार्गदर्शिकेने २००४ चे मूल्यमापन मागे सारले. फोकल झटक्यांसाठी कार्बामाझेपीन किंवा लॅमोट्रिजीन अशी निवड देण्यात आली, म्हणजे एका नव्या औषधाला प्रथमच जुन्याच्या बरोबरीचे स्थान मिळाले. लेव्हेटिरासिटाम मात्र जून २०११ च्या किमतीला परवडणारे नाही, असा शेरा देण्यात आला आणि त्याची किंमत निम्म्यावर येण्याची अट घालण्यात आली. वैद्यकीय मार्गदर्शिकेत औषधाच्या बाजारभावाची अट इतकी उघडपणे लिहिलेली क्वचितच आढळते. पुढे जेनेरिक गोळ्या आल्या आणि किंमत कोसळली.

एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत फोकल झटक्यांसाठी लॅमोट्रिजीन किंवा लेव्हेटिरासिटाम ही पहिली निवड ठरली आणि कार्बामाझेपीन दुसऱ्या फळीत गेले. सार्वत्रिक टॉनिक-क्लॉनिक झटक्यांच्या बाबतीत मार्गदर्शिकेने रुग्णांची उघड विभागणी केली. पुरुष व मुलगे, अपत्यप्राप्तीच्या वयापर्यंत उपचार लागण्याची शक्यता नसलेल्या दहा वर्षांखालील मुली आणि अपत्य होऊ न शकणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी व्हॅल्प्रोएट, तर इतर मुली व स्त्रियांसाठी लॅमोट्रिजीन किंवा लेव्हेटिरासिटाम अशी ती विभागणी होती. एकाच आजाराला लिंगानुसार वेगळे औषध देण्याची वेळ का आली, हे व्हॅल्प्रोएटच्या इतिहासावरून कळते.

व्हॅल्प्रोएट आणि गर्भावस्था

व्हॅल्प्रोइक आम्ल मुळात प्रयोगशाळेतील द्रावक होते. १९६२ मध्ये फ्रान्समध्ये इतर पदार्थ त्यात विरघळवून तपासले जात असताना त्याचा झटकेरोधक गुण योगायोगाने लक्षात आला. १९६७ मध्ये ते फ्रान्समध्ये व १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये वापरात आले. गर्भावस्थेत हे औषध घेतलेल्या मातांच्या दर १०० बाळांपैकी सुमारे ११ बाळांत जन्मजात मोठे व्यंग आढळते. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण २ ते ३ असते. त्याशिवाय १०० पैकी ३० ते ४० मुलांमध्ये बोलणे, शिकणे व वर्तन यांसंबंधी विकासाचे दोष दिसू शकतात. पाठीच्या कण्याचे व्यंग जन्मताच दिसते. बौद्धिक विकासातील हानी मात्र मूल शाळेत जाईपर्यंत लक्षात येत नाही, आणि तिचा संबंध औषधाशी जोडण्यास वैद्यकशास्त्राला कितीतरी अधिक काळ लागला.

धोक्याची माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचत असली तरी ती गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना सांगितली जात नव्हती, अशी तक्रार पीडित कुटुंबांनी वर्षानुवर्षे केली. एप्रिल २०१८ मध्ये एमएचआरएने 'गर्भधारणा प्रतिबंध कार्यक्रम' लागू केला. गर्भधारणाक्षम स्त्रीला व्हॅल्प्रोएट द्यायचे असल्यास परिणामकारक गर्भनिरोधन, दरवर्षी तज्ज्ञाकडून फेरविचार आणि धोका समजल्याची स्वाक्षरी आवश्यक झाली. जुलै २०२० मध्ये बॅरोनेस ज्युलिया कंबरलेज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपल्या अहवालात या संदर्भात आरोग्य व्यवस्थेवर कठोर टीका केली. रुग्ण सुरक्षा आयुक्त डॉ. हेन्रिएटा ह्यूझ यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये पीडितांना आर्थिक भरपाई देण्याची शिफारस केली.

जानेवारी २०२४ पासून निर्बंध आणखी कडक झाले. ५५ वर्षांखालील कोणत्याही नव्या रुग्णाला, मग ती स्त्री असो वा पुरुष, व्हॅल्प्रोएट सुरू करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे विचार करून दुसरा परिणामकारक वा सुसह्य उपचार नसल्याची नोंद करणे बंधनकारक झाले. पुरुषांचा समावेश प्रजननक्षमतेवरील परिणाम आणि अपत्यांच्या विकासाविषयीची शंका यांमुळे करण्यात आला. आधीपासून औषध घेणाऱ्या पुरुषांना दोन तज्ज्ञांची ही अट लागू राहणार नाही, असे २०२५ मध्ये स्पष्ट करण्यात आले.

या निर्बंधांवर मज्जाविकारतज्ज्ञांत मतभेद आहेत. सार्वत्रिक अपस्माराच्या काही रुग्णांत व्हॅल्प्रोएटखेरीज दुसऱ्या औषधाने झटके थांबत नाहीत, आणि अनियंत्रित झटके जिवावर बेततात. अपस्मार असलेल्या दर १,००० प्रौढांपैकी सुमारे एकाचा दरवर्षी या विकारामुळे अचानक मृत्यू होतो. टॉनिक-क्लॉनिक झटके चालू राहणे हे त्यामागील सर्वांत मोठे जोखीमकारण आहे. म्हणून कोणत्याही रुग्णाने व्हॅल्प्रोएट स्वतःहून बंद करू नये, ही सूचना प्रत्येक निर्बंधासोबत दिली जाते.

'नवे' म्हणजे आपोआप सुरक्षित नव्हे, हेही याच संदर्भात दिसून आले. जानेवारी २०२१ मध्ये एमएचआरएने गर्भावस्थेतील झटकेरोधक औषधांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात लॅमोट्रिजीन व लेव्हेटिरासिटाम ही तुलनेने सुरक्षित ठरली. टोपिरामेट मात्र त्यांच्या पंक्तीत बसले नाही, आणि जून २०२४ पासून त्याच्यासाठीही गर्भधारणा प्रतिबंध कार्यक्रम लागू झाला. लॅमोट्रिजीनच्या बाबतीत एक वेगळीच गुंतागुंत आहे. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांमुळे त्याचे रक्तातील प्रमाण घटते. म्हणजे येथे गोळीमुळे औषध निष्प्रभ होण्याचा धोका असतो.

कॅनाबिडिऑल आणि दुर्मीळ अपस्मार

ड्रावे सिंड्रोम हा आयुष्याच्या पहिल्या वर्षी सुरू होणारा, बहुधा एका जनुकातील बदलामुळे होणारा तीव्र अपस्मार आहे. कार्बामाझेपीन, फेनिटॉइन व लॅमोट्रिजीन यांसारखी औषधे त्यात झटके वाढवू शकतात. लेनॉक्स-गॅस्टॉट सिंड्रोममध्ये मूल अचानक कोसळते व डोक्याला वारंवार इजा होते. या दोन्ही विकारांत नव्या औषधांची गरज सर्वाधिक होती.

२०१८ च्या उन्हाळ्यात अपस्मार असलेल्या एका मुलासाठी त्याच्या आईने कॅनडाहून आणलेले भांगेचे तेल लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जप्त करण्यात आले. त्यावरून देशभर वाद झाला. १ नोव्हेंबर २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टरांना भांगेपासून बनवलेली औषधे लिहून देण्याची कायदेशीर मुभा मिळाली. कायदा बदलला, तरी पुरावा होता तो प्रामुख्याने शुद्ध कॅनाबिडिऑलचा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ड्रावे सिंड्रोमच्या १२० रुग्णांचा समावेश होता. कॅनाबिडिऑल घेणाऱ्यांचे महिन्याचे आकडीयुक्त झटके १२.४ वरून ५.९ वर आले. निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत ते १४.९ वरून १४.१ वर आले. ही संख्या मध्यकाची आहे.

नाइसने ऑगस्ट २०१९ च्या मसुद्यात कॅनाबिडिऑलची शिफारस नाकारली होती. दीर्घकालीन परिणामकारकतेविषयीची शंका आणि खर्चाच्या हिशेबातील त्रुटी ही कारणे होती. डिसेंबर २०१९ मध्ये अंतिम निर्णय बदलला आणि दोन वर्षांवरील रुग्णांना क्लोबाझामसोबत ते देण्याची शिफारस झाली. त्यास एक अट जोडली आहे. दर सहा महिन्यांनी झटक्यांची संख्या तपासावी आणि उपचारापूर्वीच्या सहा महिन्यांच्या तुलनेत ती किमान ३० टक्क्यांनी घटली नसल्यास औषध बंद करावे. त्यामुळे पालकांनी ठेवलेली झटक्यांची वही हा उपचार चालू राहण्याचा आधार ठरला. मार्च २०२३ मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिसमधील झटक्यांसाठीही कॅनाबिडिऑल मंजूर झाले. ज्या कुटुंबांनी टीएचसी हा घटक असलेल्या तेलासाठी लढा दिला, त्यांचा प्रश्न मात्र यातून सुटला नाही. नोव्हेंबर २०१९ च्या स्वतंत्र मार्गदर्शिकेत नाइसने तीव्र अपस्मारासाठी अशा तेलांच्या बाजूने वा विरोधात शिफारस न करता अधिक संशोधनाची सूचना केली.

जुलै २०२२ मध्ये ड्रावे सिंड्रोमसाठी फेनफ्लुरामीनची शिफारस झाली. भूक कमी करणारे औषध म्हणून ते पूर्वी विकले जात असे आणि हृदयाच्या झडपांना इजा होत असल्याने १९९७ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले होते. अपस्मारात ते कमी मात्रेत आणि नियमित हृदयतपासणीच्या अटीवर दिले जाते.

सेनोबामेट

डिसेंबर २०२१ मध्ये प्रौढांच्या फोकल झटक्यांसाठी सेनोबामेट मंजूर झाले. किमान दोन औषधांनी झटके आटोक्यात न आलेल्या आणि एक पूरक औषधही अपयशी ठरलेल्या रुग्णांसाठीच ते आहे. उपचाराची सुरुवात विशेष अपस्मार केंद्रातच करावी लागते. २०२० च्या चाचणीत ४०० मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्यांपैकी २१ टक्के रुग्णांना स्थिर मात्रेच्या काळात एकही झटका आला नाही. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्का होते. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात असे आकडे विरळाच. सुरुवातीच्या अभ्यासांत मात्रा वेगाने वाढवल्याने काही रुग्णांना 'ड्रेस' ही जीवघेणी अॅलर्जी झाली व एक मृत्यूही झाला. त्यामुळे १२.५ मिलिग्रॅमपासून आरंभ करून दर दोन आठवड्यांनी मात्रा वाढवण्याचा नियम आहे.

औषधांखेरीज उपचार

दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके न थांबल्यास त्या अपस्माराला औषधरोधी म्हणतात. अशा रुग्णाला विशेष केंद्राकडे पाठवावे आणि तेथे चार आठवड्यांत त्याची तपासणी व्हावी, असे २०२२ ची मार्गदर्शिका सांगते. झटक्यांचा उगम असलेला मेंदूचा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया शक्य आहे का, हे तेथे पाहिले जाते. योग्य रुग्णांत या शस्त्रक्रियेने झटके पूर्ण थांबण्याची शक्यता तिसऱ्या-चौथ्या औषधापेक्षा कितीतरी अधिक असते. तरीही अनेक रुग्ण तेथवर पोहोचण्याआधी एकेक नवे औषध आजमावण्यात वर्षे घालवतात, हा तज्ज्ञांचा जुना आक्षेप आहे.

शस्त्रक्रिया शक्य नसल्यास व्हेगस चेतातंतूला विद्युत्‌स्पंद देणारे उपकरण छातीत बसवता येते. मुलांसाठी कीटोजेनिक, म्हणजे स्निग्ध पदार्थांचे प्रमाण फार वाढवून कर्बोदके कमी केलेला, आहार वापरला जातो. लंडनमधील १४५ मुलांच्या चाचणीत त्याचा उपयोग २००८ मध्ये दिसून आला. तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यावा लागतो.

स्कॉटलंडमधील व्यवस्था

नाइसचे औषध मूल्यमापन स्कॉटलंडला लागू होत नाही. तेथे नव्या औषधांचा निर्णय 'स्कॉटिश मेडिसिन्स कन्सॉर्टियम' घेते आणि वैद्यकीय मार्गदर्शिका 'साइन' ही संस्था काढते. साइनची प्रौढांच्या अपस्मारावरील मार्गदर्शिका २०१५ मध्ये आणि मुलांविषयीची २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. व्हॅल्प्रोएट व टोपिरामेट यांवरील एमएचआरएचे निर्बंध मात्र स्कॉटलंडसह संपूर्ण ब्रिटनमध्ये लागू आहेत.